लेकीने पारखलेला तन्मणी

लग्न ठरलं त्याच आठवड्यात मुलीने आम्हा दोघांना स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगून टाकलं, "साड्या आई म्हणेल त्या. सोनं अण्णा म्हणतील ते. पण तन्मणी माझ्या पसंतीचा, आणि त्याचे मोती मी स्वतः बघून घेणार."

तिची आई कणीक मळत होती. मान वर न करताच म्हणाली, "तुला काय कळतं गं मोत्यातलं?"

"मी प्राणिशास्त्र शिकवते आई. शिंपल्याच्या पोटात काय होतं ते मला नाही कळणार तर कुणाला?"

ती हुबळीच्या एका कॉलेजात शिकवायची. रोज सकाळी धारवाडहून बसने जायची आणि दिवेलागणीला परत यायची. आम्हाला एकुलती एक. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, तरी एखादी गोष्ट मुळापासून समजून घ्यायची हौस माझ्यापेक्षा तिलाच जास्त. लहानपणी मागच्या अंगणातल्या गोगलगायी काचेच्या बरणीत ठेवून त्यांना रोज वेगवेगळी पानं घालायची आणि कुठलं पान आवडतं ते बघत तासन्‌तास पालथी पडून राहायची. आईच्या हाका ऐकूच यायच्या नाहीत.

मोती आमच्या घरात होते ते बायकोची नथ आणि कुड्या, एवढेच. "बसऱ्याचे आहेत" असं तिच्या माहेरी सगळे म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. मुलीने एका रविवारी ती नथ अंगणातल्या उजेडात भिंगाखाली धरली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "आई, बसऱ्याचे नाहीत हे. पण खरे आहेत, आणि छान आहेत."

बायको दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच नथ घेऊन तिच्यापाशी गेली. "छान आहेत म्हणजे कसे छान? दाखव बघू," म्हणाली. मग दोघी खिडकीत डोक्याला डोकं लावून बसल्या. मी पेपर वाचत होतो. आज वाटतं, पेपर बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत बसायला हवं होतं.

मुलगा हुबळीचाच होता. इंजिनिअर, घरी मराठी आणि दाराबाहेर कानडी, आमच्यासारखाच. स्थळ रीतसर आलं होतं, पण दोघांचं जमलं ते बघण्याच्या कार्यक्रमानंतर, आपापलं, फोनवर बोलत. रविवारी तो आमच्याकडे यायचा, मला काका आणि बायकोला काकू म्हणायचा आणि थालीपिठाला 'पुरे' म्हणायचा नाही. बायकोला त्याच्या जेवणाचंच मोठं कौतुक.

मोत्यांसाठी आम्ही बापलेक आधी सुभाष रोडवरच्या एका दुकानात गेलो. बायकोचे गुडघे दुखत होते, म्हणून माझी नेमणूक झाली. दुकानदाराने एक मोती स्वतःच्या पुढच्या दातांवर घासून दाखवला आणि मुलीपुढे धरला. "बघा, खरखरीत लागतो. खोटा असता तर घसरला असता. खरा मोती आहे हा."

"खरा आहे ते कळलं," मुलगी म्हणाली, "पण चांगला आहे का? ते दातांना कसं कळणार?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे कुठेतरी बघितलं. तिने त्याला मोत्यांची लड दुकानाच्या पायरीवर, उन्हाच्या उजेडात आणायला लावली. बाहेर येताच मघाशी दिव्याखाली गुलाबी वाटणारे मोती एकदम पांढरेफटक दिसायला लागले. ती "थँक्यू" म्हणून पायरी उतरली.

मग आम्ही समोरच्या हॉटेलात गिरमिट खायला बसलो. तिथे तिने मला शिकवणी दिली. चुरमुऱ्याचा एक दाणा बोटांत धरून म्हणाली, "अण्णा, समजा हा मोती. पहिलं बघायचं ते पाणी. तुमचा चेहरा त्यात दिसला पाहिजे, आणि त्याची कड स्पष्ट दिसली पाहिजे. नुसता खडूसारखा पांढरा दिसला, तर वरचा थर पातळ आहे असं समजायचं. मग अंग बघायचं, खळगे आहेत का, चिरा आहेत का. मग गोलाई. मग एकमेकांशी जुळतात का. आकार सगळ्यात शेवटी."

"पण किंमत तर मोठ्या मोत्यालाच जास्त ना?"

"दोन्हीचं पाणी सारखं असेल तर मोठा महाग. पाणीच नसेल तर ती नुसती गोळी." आणि तिने तो चुरमुरा खाऊन टाकला.

इतकी वर्षं मी शिकवत आलो होतो. त्या दिवशी लेकीसमोर विद्यार्थी होऊन बसण्यात जे सुख होतं, ते मला नीट सांगता येणार नाही.

पुढच्या शनिवारी बायको आपल्या बहिणीला घेऊन हुबळीला, दाजीबानपेठेत साड्यांच्या खरेदीला गेली. आम्हीही बरोबर होतो. दोघी बहिणी एका दुकानात गादीवर जाऊन बसल्या आणि समोर साड्यांचा ढीग वाढायला लागला, तशी मुलीने मला हळूच कोपराने ढोसलं. आम्ही सटकलो. मागच्या गल्लीत मोत्यांचं एक जुनं दुकान होतं. मालक पांढऱ्या गादीवर बसलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. माझ्या खिशातली पेनं बघून की काय, त्यांनी मला पहिल्यापासून मास्तरच केलं.

"बर्री मास्तर, कूडर्री," त्यांनी सरकून जागा करून दिली. "अक्कांना काय दाखवू?"

ते कानडीत बोलायचे, मध्येच आमच्यासाठी मराठीत यायचे. मुलगी दोन्हींत उत्तरं द्यायची. तन्मणीसाठी बारीक मोती हवेत म्हटल्यावर त्यांनी निळ्या कागदाच्या पुड्यांतून लडी काढल्या आणि पांढऱ्या कापडावर पसरल्या. तिने एकेक लड कापडावरून बोटाने हलकेच लोटून पाहिली. जी सरळ गडगडली ती वेगळी ठेवली, जी डुगडुगली ती परत केली. मग भिंग काढून मोत्यांची भोकं बघायला लागली. खोट्या मोत्याचा रंग भोकापाशी आधी उडतो, हे ती मला बसमध्ये सांगत आली होती.

"हे बसऱ्याचे, अक्का," मालकांनी एक लड पुढे केली.

ती हसली. "बसऱ्याचे असते तर तुम्ही असे पुडीत बांधून ठेवले नसते. तिजोरीतून काढून दाखवले असते आणि माझ्या हातात तर दिलेच नसते."

मीच ओशाळलो. पण मालक असे काही मोठ्याने हसले की कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "नाही, नाहीत. कल्चरचेच आहेत. लोकांना बसरा म्हटलं की बरं वाटतं, म्हणून म्हणायचं."

"आणि हे?" तिने एक लड उचलली. फार देखणी होती ती. मला तीच आवडली होती.

"तुम्हीच सांगा."

तिने ती गालाला लावली, हातात जरा तोलली, भिंगातून पाहिली. "काचेचे आहेत. सगळे अगदी एकसारखे. शिंपल्यात तयार झालेलं काही इतकं सारखं निघत नाही."

"काचेचेच. नाचाच्या कार्यक्रमांना नेतात लोक," मालक म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, अक्कांना माझ्याकडे नोकरीला ठेवा की."

मग त्यांनीच आतून दुसऱ्या पुड्या आणल्या. तिने त्यातल्या निवडल्या त्या लडी पहिल्या नजरेत भरणाऱ्या नव्हत्या. किंचित साईच्या रंगाच्या, बारीक. पण दाराशी नेऊन धरल्या की उजेड त्यांच्या वरून परतत नव्हता, आत शिरून मग बाहेर येत होता. "बघा अण्णा, तुमची मिशी दिसतेय," ती म्हणाली. खरंच, त्या एवढ्याशा मोत्यावर कुणीतरी माणूस दिसत होता. मी हललो की तो हलत होता.

किंमत ठरताना मालकांनी आपणहून सांगितलं, "एक सांगून ठेवतो. सोनं उद्या परत आणलंत तर मी तोलून घेईन. मोती परत आणलेत तर किंमत येत नाही. विकायचं मनात असेल तर घेऊ नका."

"विकायला नाही हो. घालायला घेतेय," मुलगी म्हणाली.

लाल खड्यांचं खोड, म्हणजे मधलं पदक, तिने निवडलं, ओवून तयार व्हायला थोडे दिवस लागले. गणपती होऊन गेले होते. तन्मणी घरी आला त्या संध्याकाळी ती कॉलेजातून नुकतीच आली होती, अंगात विटलेला सुती कुर्ता. त्याच्यावरच तिने तो गळ्याशी बांधला आणि आईला हाक मारली. बायको पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली. मुलीच्या गळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढ आता. नजर लागेल."

"कुणाची? तुझी?"

"माझीच," बायको म्हणाली आणि आत निघून गेली. मुलीने आरशासमोर उभं राहून फोटो काढला, होणाऱ्या नवऱ्याला पाठवला आणि दागिना मखमली डबीत ठेवून डबी आईच्या कपाटात नेऊन ठेवली.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच तिला ताप भरला.

आमच्या गल्लीत त्या सुमारास घरोघरी ताप होता. आम्हीही साधाच समजलो. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, डेंग्यू निघाला, तरी ती स्वतः चालत रिक्षात बसली, मला म्हणाली, "अण्णा, माझ्या मुलींच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायच्या राहिल्यात, टेबलावर आहेत, कुणी हलवू नका." हुबळीच्या दवाखान्यात दाखल केलं. दोन दिवस बरी वाटली. मग प्लेटलेट उतरायला लागल्या. तो मुलगा बातमी कळल्यापासून तिथेच होता. त्याने स्वतः रक्त दिलं, मित्रांना बोलावून आणलं, कानडीत, मराठीत, हिंदीत फोन करत बाहेरच्या व्हरांड्यात फिरत राहिला. आम्हा दोघांना त्यानेच एका बाकावर बसवलं होतं आणि मधून मधून येऊन आमच्या हातात चहाचे कप देत होता.

एका दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी माझ्याऐवजी त्याच्याकडे पाहिलं. तेव्हाच मला कळलं.

नर्सने तिच्या कानातले काढून कापसात गुंडाळून माझ्या हातात दिले. इतके हलके होते की मुठीत काही आहे असं वाटेना. मी पुन्हा पुन्हा मूठ उघडून पाहत होतो.

पुढचं सगळं लिहिण्यासारखं नाही, आणि मला नीट आठवतही नाही. लग्नाच्या दिवशी आम्ही दाराला कडी लावून घरात बसलो होतो. पत्रिका वाटायच्याच होत्या, छापूनही झाल्या नव्हत्या, पण ती तारीख गावात ज्याच्या त्याच्या लक्षात होती आणि त्या दिवशी कुणी आमच्याकडे फिरकलं नाही. तो मात्र आला. बायकोने त्याला थालीपीठ करून वाढलं. त्याने खाल्लं.

त्यानंतर तो दिवाळीला यायचा, तिच्या वाढदिवसाला यायचा, एरवीही मध्येच एखाद्या रविवारी यायचा. गॅसचा सिलिंडर बदलून द्यायचा, माझ्या मोबाईलमध्ये काही अडलं असेल तर बघायचा. तिच्याबद्दल आम्ही तिघे बोलायचो आणि ते फक्त तिघेच असताना. नातेवाइकांसमोर तिचं नाव निघालं की सगळे गप्प होतात. आपल्याला दुःख होऊ नये म्हणून ते गप्प होतात, हे कळतं. पण मुलीचं नाव घरातून गेलं की मुलगी पुन्हा जाते. त्याच्यासमोर तसं नव्हतं. "काकू, ती या गोष्टीला हसली असती," असं तो सहज म्हणायचा आणि बायको खरंच हसायची.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग एकदा तो आईला घेऊन आला. आई-मुलगा सोफ्यावर जरा पुढे सरकून बसले तेव्हाच मला अंदाज आला. त्याचं लग्न ठरलं होतं. त्याच्या आईने सांगितलं. तो खाली बघत होता.

बायको उठली. मला वाटलं, आत जाऊन रडेल. ती साखर घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवली. "किती दिवस वाट बघत होते मी याची," म्हणाली. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बराच वेळ तो काढला नाही.

ते गेल्यावर ती कपाटापाशी गेली. आतल्या कप्प्यात, साड्यांच्या मागे ती डबी होती. दुःखापायी आम्ही दोघांनीही ती कधी उघडली नव्हती.

"हा तिच्याकडे जाऊ दे," बायको म्हणाली.

"कुणाकडे?"

"त्याच्या बायकोकडे. त्याच्या घरी जायचा म्हणूनच घेतला होता ना? त्याच घरी जाऊ दे."

मी म्हटलं, "अगं, लोक काय म्हणतील? त्यांना चालेल का?"

"लोकांचं काय आहे त्यात? इतक्या आवडीने निवडलाय पोरीने. आपल्या मागे याचं काय होणार? कुणाच्या तरी गळ्यात असू दे."

तिने डबी उघडली आणि आम्ही दोघे बघत राहिलो. मोती उतरले होते. साईचा रंग जाऊन काही पिवळट झाले होते, काहींवर धुरकट पडदा आला होता. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली होती. मी एक पदर खिडकीशी धरला. त्यात कुणी दिसत नव्हतं.

"असा कसा द्यायचा?" बायको म्हणाली. "ती काय म्हणेल, असले मोती घेतले म्हणून?" ती म्हणजे कोण, नवी सून की आमची मुलगी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच हुबळीला गेलो. दुकान होतं, मालकही होते, जरा थकलेले. मी डबी पुढे ठेवली. त्यांनी दागिना हातात घेतला आणि चष्मा खाली ओढला. "हा आमचाच माल. थांबा, थांबा. मास्तर ना तुम्ही? बसऱ्यावरून मला पकडणाऱ्या अक्का कशा आहेत? कुठे दिल्या?"

मला उत्तर तयार ठेवता आलं असतं. बसमध्ये पुरता वेळ होता. पण मला वाटलंच नव्हतं की ते तिला लक्षात ठेवून असतील.

"नाहीत," मी म्हटलं. "लग्नाआधीच गेली. तापात."

त्यांनी तन्मणी कापडावर ठेवला. चष्मा काढला. कानडीत काहीतरी पुटपुटले, देवाचं नाव होतं त्यात. मग आतून माझ्यासाठी पाणी मागवलं.

मग त्यांनी भिंग लावून एकेक पदर पाहिला. फार वेळ लावला. एक कपडा ओला करून, पिळून, एका पदरावरून फिरवला. "पुसून थोडे उजळतील," म्हणाले. "पण ज्यांचा वरचा थर धुरकटला ते परत येणार नाहीत. दोराही कुजलाय. मास्तर, बाजारात न्याल तर आज याची किंमत खोडाचीच. मोत्यांचे काही देणार नाहीत."

"विकायचा नाही. द्यायचाय एका मुलीला."

"मग असं करू की. पिवळे पडलेले काढतो, तसेच जुळते नवे घालतो. अगदी पहिल्यासारखा दिसेल."

तेच करायला मी गेलो होतो. पण त्यांनी चिमट्याने एक मोती वेगळा केला आणि पुडीच्या कागदावर ठेवला, तेव्हा माझ्याने पाहवेना. ती प्रत्येक लड दाराशी घेऊन गेली होती. यातला एकेक मोती तिच्या डोळ्यांखालून गेलेला होता. त्यांच्या जागी दुसरे घातले तर त्या मुलीच्या गळ्यात काय जाणार होतं?

"नको," मी म्हटलं. "आहेत तेच राहू द्या. नुसते पुसा आणि नव्या दोऱ्यात ओवा."

त्यांनी वाद घातला नाही. तो वेगळा केलेला मोती त्यांनी परत ठेवला.

लग्नाला आम्ही गेलो नाही. त्यानेही आग्रह केला नाही. लग्नानंतर महिन्याभराने त्यांना भेटायला त्याच्या घरी गेलो. बायकोने खण-नारळ, ओटीचं सगळं सामान घेतलं होतं आणि पर्समध्ये ती डबी. त्याची बायको चांगली मुलगी होती, बेळगावकडची, जरा लाजरी. तिने आम्हाला पोहे दिले. बायकोने तिची ओटी भरली आणि मग डबी उघडून तिच्यापुढे धरली.

"हे तुझं," बायको म्हणाली. "थोडे जुने झालेत मोती. पण निवडून घेतलेले आहेत. खरे आहेत."

त्या मुलीने डबीकडे बघितलं, मग सासूकडे. सासू म्हणाली, "अहो वहिनी, हे कशाला? राहू दे. तुमच्याजवळच असू दे."

"नाही नाही, घेऊ दे तिला. माझं समाधान."

बायकोला वाटलं, सगळे म्हणतात तसं आधी नको म्हणतायत. तिने तन्मणी उचलला आणि त्या मुलीच्या गळ्याशी नेला. ती मुलगी थोडी मागे सरकली. अगदी थोडी. तिची चूक नव्हती, कुणीही सरकलं असतं.

"काकू," तो म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "नको काकू. प्लीज."

बायकोचे हात तसेच राहिले.

"तिने याचा फोटो पाठवला होता मला. अजून आहे माझ्याकडे. मला हा रोज घरात बघायला जमणार नाही काकू. मी कसाबसा..." तो आमच्यासमोर पहिल्यांदाच रडत होता. दवाखान्यात रडला नव्हता, स्मशानात रडला नव्हता, आमच्या घरी इतक्यांदा आला तेव्हाही नाही. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनेही त्याला असं कधी पाहिलेलं नव्हतं. आपल्या नव्या घरात, आपल्यासमोर, आपला नवरा दुसरीसाठी रडताना.

मी बायकोच्या हातातून तन्मणी घेतला आणि डबीत ठेवला. "बरोबर आहे तुझं," मी त्याला म्हटलं. "आमच्याच लक्षात यायला हवं होतं." त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. तो बसस्टॉपपर्यंत सोडायला येतो म्हणाला. मीच नको म्हटलं.

धारवाडच्या बसमध्ये जागा मिळाली. बायको खिडकीशी बसली. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "आता तो येणार नाही."

"येईल गं. का नाही येणार?"

"नाही येणार. आणि यायलाही नको त्याने."

ते खरं झालं. पुढच्या दिवाळीला त्याचा नुसता फोन आला, त्याच्या पुढच्या वर्षी नुसता मेसेज. तिच्या वाढदिवसाला काहीच नाही. मी त्याला दोष देत नाही. तिच्याबद्दल आमच्याशी बोलणारं ते शेवटचं माणूस होतं, एवढंच.

मध्यंतरी बायकोच्या बहिणीच्या सुनेने बोलता बोलता विषय काढला. तिच्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरत होतं. "मावशी, तुमच्याकडे एक तन्मणी आहे ना?" मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "आहे गं. पण त्यात काही राहिलं नाही. मोती उतरलेत, दाखवून आणलेत आम्ही. कुणी काही देणार नाही त्याचे." बहिणीची सून "अरेरे" म्हणाली आणि विषय संपला. त्या संध्याकाळी बायकोने डबी प्लॅस्टिकमधून काढली आणि जुन्या धुवट साडीच्या तुकड्यात गुंडाळून आपल्या उशालगतच्या खणात ठेवली. तिथेच आहे.

परवा दुपारी जेवण झाल्यावर माझ्या मोबाईलवर त्याचा मेसेज आला. फोटो होता. कापडात गुंडाळलेलं बाळ, डोळे मिटलेले, मुठी वळलेल्या. खाली लिहिलं होतं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, काकूंना सांगा.

मी फोन बायकोकडे दिला. तिने चष्मा लावला आणि दोन बोटांनी तो फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला, नुसतं कपाळ आणि नाक दिसेपर्यंत.

"जावळ दाट आहे," ती म्हणाली. "नाक त्याच्यासारखं."

"काय लिहू?"

तिने फोटो पुन्हा लहान केला. मग फोन मला परत दिला. "लिहा की, छान आहे म्हणून. बाळाला डासांपासून जपा म्हणावं." आणि जेवणाची ताटं उचलून ती आत गेली. मोरीतल्या नळाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत राहिला. मी तिने सांगितलं तसं लिहिलं, डासांचं वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं.